प्रार्थनेनंतरची नाडी

आमच्या मिशन कॉलेजात पाळकसाहेबांची सकाळची प्रार्थना संपली, तरी व्यायामशास्त्राचा वर्ग बाकावरून उठत नाही. माणूस तेव्हा सर्वांत शांत असतो, म्हणून शेजारणीची नाडी तिथेच मोजायची. सत्तेचाळिसाव्या वर्षी या वर्गात आलेली मी टिकणार की नाही, ते आज पहिल्या प्रात्यक्षिक परीक्षेत ठरणार होतं. एकोणीस वर्षांच्या रूथचं मनगट धरून मी मोजलं आणि म्हटलं, “एकशे आठ.”

रूथ हसली. “काकू, मी काय धावत आलेय? अंगठा काढा. अंगठ्याला स्वतःची नाडी असते. तुम्ही तुमचीच मोजलीत.”

“मग ही धडधड माझी?”

“नाहीतर काय, पाळकसाहेबांची?”

मुलांना ताप आला की मी असंच मनगट धरून बसायची. त्यांची समजून कितीदा माझीच धडधड मोजली असेल, कोण जाणे.

“पुन्हा मोजा,” परीक्षा घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या.

मी दोन बोटं ठेवली. आधी काहीच लागेना. मग रूथची नाडी सापडली, संथ आणि स्वच्छ. बहात्तर. मॅडमनी स्वतः मोजून पाहिलं आणि माझ्या नावापुढे बरोबरची खूण केली.

बाहेर पडताना मी माझीही मोजली, दोन बोटांनी. शहाण्णव. उतरत होती.