पानमळ्याची मर आणि आमची अक्का

मंगळवारी नातीच्या शेतकी कॉलेजात गेले होते, कोल्हापुरातच. मी दुसरी शिकलेली, आणि ती मला हाताला धरून लॅबमध्ये नेते... ऊर भरून आला. केएमटीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली होती, पण ते राहू दे.

पानवेल बुडातून कुजवून मर आणणारी बुरशी असते ना, तीच माझी नात वाढवते. काचेच्या बशांत तिला वेगवेगळं खायला घालते, एकीत साखर, एकीत स्टार्च, एकीत कसलंसं खत. साखरेच्या बशीत पिंजलेल्या कापसासारखी पसरली होती, वर मोहरीएवढे दाणे. खताच्या बशीत नुसता ठिपका. मी म्हटलं, बाळंतिणीचं करावं तसं हिचं करतेस की गं...

मग हसू थांबलं. अक्का आठवली, माझी थोरली जाऊ. ती नवी नवरी असताना आमचा पानमळा मर लागून गेला. ही विटाळशी आत गेली म्हणून वेल जळले, असं सासऱ्यांनी ठरवलं. मळा पुन्हा लावला, पण तेव्हापासून तिनं मळ्यात पाऊल टाकलं नाही. पानं आम्ही खुडायचो, ती बाहेर बसून जुड्या बांधायची... म्हातारी झाली तरी बाहेरच.

नातीला हळूच विचारलं, "त्या दिवसांत या बशांना हात लावतीस?"

"लावते की. आज पण लावलाय."

"मग?"

"मग काय आजी? बुरशीला काय कळतंय? खायला मिळालं की वाढती, न्हाय मिळालं की गप बसती."

मी परत त्या बशा बघितल्या.

घरी न येता तशीच एसटीनं गावी गेले. अक्काला बसवून सगळं सांगितलं. ती पदराचं टोक चोळत राहिली. रडली नाही.

मग म्हणाली, "मी जाऊ व्हय आत?"

"जा की. तुझ्याच पोराचा मळा हाय."

तिनं बाहेर चपला काढल्या. मी हात धरायला गेले तर तो सोडवला, आणि एकटीच वेलांत शिरली. बराच वेळ आली नाही... मीही हाक मारली नाही.

आणि नातीला एवढंच: पोरी, तुझ्या परीक्षेत हे कुणी विचारणार नाही. पण तुझं शिकणं कुणाच्या कामी आलं, ते तुला कळावं म्हणून लिहिलं.