बुटाचा तळ

जुळे सोलापुरात ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात माझ्या शेजारी एक निवृत्त मेकॅनिक बसले होते. मुलाबरोबर जपानला जाऊन अणुभट्टी फुटलेला भाग बघून आलेले. बोलताना सारखे पाय उचलून बुटाचा तळ बघायचे. तिथं लागलेली सवय, म्हणाले.

मी विम्याच्या खात्याचा पासवर्ड विसरलो होतो. विमा कंपनीनं तो मेलवर जसाच्या तसा पाठवला आणि दुकानदारानं मोठ्यानं वाचला.

"म्हंजे त्यांच्याकडं तो उघडाच पडलाय की," मेकॅनिक म्हणाले. "तितं किरणांची धूळ चिकटली का म्हणून बुटाचा तळबी यंत्रानं तपासला. यंत्र वाजायचं, म्हणून भ्या वाटायचं. हितं कायबी वाजत न्हाय."

घरी येऊन मी पासवर्ड बदलला. मिनिटभरात कंपनीचा मेल आला. त्यात नवा पासवर्ड स्पष्ट लिहिलेला होता.