शालनच्या हातची फ्लॅशगन

आकाराम चौगुल्याला कोल्हापूरच्या शाहूपुरीत कुणी फोटोग्राफर म्हणत नाही, 'पाण्यातला आकाराम' म्हणतात. लग्नं, बारशी, डोहाळजेवणं, सत्काराचे कार्यक्रम हे त्याच्या स्टुडिओत चालतंच. पण बारा वर्षांपूर्वी या गड्यानं तारकर्लीला समुद्रात पहिल्यांदा डोकं घातलं आणि खुळावला. गोव्यातल्या एका माणसाकडून त्यानं पाण्यात चालणारा जुना कॅमेरा घेतला, त्याला लांब दांड्यावर बसणारी फ्लॅशगन घेतली, आणि चाळिशी उलटल्यावर लग्न ठरलेल्या पोरापोरींना पाण्याखाली नेऊन फोटो काढायला लागला. असला उद्योग दुसऱ्या कुणाच्या डोक्यात आला नसता, आणि आला असता तरी घरच्यांनी करू दिला नसता.

आकारामला तो करू दिला त्याच्या बायकोनं, शालननं. नुसता करू दिला असं नव्हे, खरं सांगायचं तर निम्मा तिनंच केला. हे आकाराम आता सगळ्यांना सांगत सुटतो. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय!

पाण्यात फोटो काढायचा तर उजेड आपल्याबरोबर न्यावा लागतो. दोन पुरुष खोल गेलं की आधी लाल रंग मरतो, नवरीचा लालभडक शालू शेवाळी दिसायला लागतो. म्हणून फ्लॅश. तीही कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवून भागत नाही. समोरून उजेड पडला की पाण्यातला गाळ चमकतो आणि कुणी मूठभर कोंडा उधळल्यासारखा फोटो येतो. ती हातभर बाजूला काढून तिरकी धरायची आणि माणसाच्या जवळ जायचं. यात आकारामचा हात धरणारा कोणी नव्हता. पण पाण्यातून वर आल्यावर त्या फ्लॅशचं काय करायचं असतं, यात पठ्ठ्याला काडीचा रस नव्हता. वर यायचं, फ्लॅश शालनच्या हातात द्यायची आणि मासे खायला पळायचं.

शालन आठवी शिकलेली, नेसरीकडची. समुद्रात तिनं कधी घोट्याच्या वर पाय घातला नाही. ती किनाऱ्यावर गोड्या पाण्याची बादली भरून बसायची. फ्लॅश आली की बुडवायची, पाण्यातच सगळी बटणं दाबून फिरवून त्यांच्या फटीतलं मीठ सोडवायची, अर्धा तास तशीच ठेवायची आणि सावलीत वाळवायची. उन्हात कधी नाही. मग कोरड्या हातानं बॅटरीचं झाकण उघडायची. त्या झाकणाला रबराची काळी रिंग असते, बांगडीपेक्षा बारीक. आतल्या बॅटऱ्या आणि बाहेरचा समुद्र यांच्यामध्ये काय ती तेवढीच. शालन ती नखानं नव्हे, बोटाच्या पेरानं अलगद सोडवायची, सूत न सुटणाऱ्या फडक्यानं पुसायची, डोळे मिटून बोटांतून फिरवायची. एखादा केस, एखादा वाळूचा कण डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतो, आणि तेवढ्या फटीतूनही पाणी आत शिरतं. मग मोहरीएवढं ग्रीस, फक्त चकाकी येईल इतकंच. झाकण बसवलं की फ्लॅश बादलीत बुडवून ती बुडबुडा निघतोय का ते बघत बसायची. दहा वर्षांत एकदाही फ्लॅशमध्ये पाणी गेलं नाही, ते काही आकारामच्या हुशारीनं नव्हे.

गेल्या साली दसऱ्याच्या आधी गारगोटीहून निरोप आला. आकाराम लहानपणी शाळेला गारगोटीत होता, आणि तिथल्या एका मळ्यातल्या विहिरीत आण्णा नावाच्या माणसानं त्याला पाठीला डबा बांधून पोहायला शिकवलं होतं. एकट्या त्यालाच नव्हे, तीन पिढ्यांना. आता आण्णा ब्याऐंशीचे झाले होते. त्यांच्या पोहणाऱ्यांनी ठरवलं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी विहिरीवरच आण्णांचा सत्कार करायचा. आण्णा म्हणाले, नारळ-शाल राहू दे, मला एकदा सूर मारू दे. डॉक्टर नको म्हणत होते, पोरं नको म्हणत होती. शेवटी एकच उडी, त्यानंतर पुन्हा पाण्यात पाय घालायचा नाही, असं ठरलं. आणि ती उडी पाण्याच्या खालून टिपायची ती आकारामनं. म्हाताऱ्यानं त्याचंच नाव घेतलं होतं.

आकारामची छाती फुगली नसती तर नवल. समुद्रापेक्षा विहीर कठीण, आत उजेड नाही, पाणी हिरवं, तिथं सगळा भार फ्लॅशवर. शालननं खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी रिंग काढली, पुसली, ग्रीस लावलं, नव्यानं भरलेल्या बॅटऱ्या घातल्या, बादलीत बुडवून बघितली आणि कोरडी करून स्टुडिओत ठेवली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. शालन घरी पुरणाच्या गडबडीत होती, स्टुडिओतली पूजा आकारामनं एकट्यानं केली. कॅमेरे, लेन्सा, ट्रायपॉड सगळं पाटावर मांडलं. त्याच्या वडलांचा गावाकडं एक नियम होता. हत्याराला कुंकू लावायचं ते मुठीला नाही, कामाच्या जागी. नांगराच्या फाळाला, विळ्याच्या धारेला. इतकी वर्षं आकाराम फ्लॅशला वरूनच बोट लावायचा. पण यंदा काम मोठं. त्याला वाटलं, फ्लॅशचा जीव बॅटरीत, तर कामाची जागा ती. त्यानं झाकण उघडलं, आतल्या बाजूला कुंकवाचं बोट टेकवलं, चार अक्षता टाकल्या, त्या पुन्हा झटकल्या आणि झाकण फिरवून बंद केलं. देवाचं काम, त्यात कुणाला काय सांगायचं? त्याच्या मनात पाप नव्हतं, हे खरंच आहे.

पूजेला बसलेलं हत्यार सोनं लुटेपर्यंत उचलायचं नाही. त्यामुळं दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत फ्लॅश पाटावरच राहिली. पहाटे निघताना शालन म्हणाली, एकदा बादलीत बुडवून बघते, दोन मिनिटांचं काम आहे. आकाराम गाडी चालू करून बसला होता. तो खेकसला की पूजेच्या आधीच तर बघितलीस, आण्णा काय तुझ्या बादलीसाठी थांबणार हायत का? शालन बादली ठेवून गाडीत बसली.

विहिरीवर तीन-चारशे माणूस जमलेलं. हलगी वाजत होती. आकाराम हवेची टाकी पाठीला बांधून खाली गेला आणि कपारीला टेकून वर कॅमेरा रोखून थांबला. वर पाण्याच्या तोंडाशी उजेडाचा चौकोन, खाली सगळा हिरवा अंधार. त्यानं तपासायला म्हणून एकदा बटण दाबलं. फ्लॅश पेटली नाही. पुन्हा दाबलं, नाही. झाकणापाशी बारीक बुडबुडे निघत होते. तेवढ्यात वर पाणी फुटलं आणि आण्णा आले. हात जोडलेले, अंग सरळ, ब्याऐंशी वर्षांचा माणूस सुरीसारखा पाण्यात शिरला, आकारामच्या तोंडापासून हातभरावरून खाली गेला आणि वळून वर निघाला. जाताना त्यांनी आकारामकडं बघितलं, हसले. आकाराम वेड्यासारखा बटण दाबत राहिला. सगळ्या फोटोंत काळ्या पाण्यात एक काळी सावली, एवढंच आलं.

वर आला तो लालबुंद होऊन. फ्लॅशमधून जळकट, उग्र वास येत होता. लोक विचारायला लागले, आला का फोटो, दाव की. आणि आकारामनं उचलली जीभ लावली टाळ्याला. चारशे माणसांत बायकोकडं बोट करून म्हणाला, "हिला इचारा. हिच्या हातात दिली हुती. बाईच्या हातात यंत्र दिलं, चूक माझीच."

कुणीतरी फिदीफिदी हसलं.  शालननं पुढं होऊन त्याच्या हातातून फ्लॅश घेतली, बाजूला विहिरीच्या काठावर बसली, झाकण उघडून पाणी ओतलं, बॅटऱ्या काढल्या, रिंग काढून बघितली आणि पदरानं पुसली. मग सगळं पिशवीत भरून ती गाडीत जाऊन बसली. जेवायलासुद्धा उतरली नाही.

आण्णा ओल्या अंगानं शाल पांघरून खुर्चीत बसले होते. फोटोचं त्यांना काही वाटलं नाही, मी पाण्यात गेलतो की, म्हणाले. पण आकाराम पाया पडायला वाकला तेव्हा त्याचा कान धरून म्हणाले, "लेका, पोरीला बोललास ते लई वंगाळ केलंस." आकारामनं मान डोलावली आणि मनात म्हटलं, म्हाताऱ्याला काय ठाऊक.

त्या दिवसापासून शालननं स्टुडिओतल्या एकाही वस्तूला हात लावला नाही. भांडण नाही, रुसवा नाही, माहेरी जाणं नाही. शाहूपुरीतच एका साडीच्या दुकानाचं फॉल-पिकोचं काम तिनं घेतलं, मशीन घरात आणली आणि दुपारभर तिच्यावर बसायला लागली. आकारामनं दुसरी फ्लॅश आणली, ती स्वतःच धुवायला लागला, कशीबशी. त्याला वाटलं, चुकीची लाज वाटती म्हणून बाई लांब राहती. थोड्या दिवसांनी आपण माफ करू, येईल. माफ करणार होता म्हणे! माणूस किती गाढव असावा याला काही मर्यादा?

यंदाची खंडेनवमी आली. पाटावर सगळं मांडून आकाराम बसला. वडलांच्या नियमाप्रमाणं नव्या फ्लॅशचं झाकण उघडलं आणि कुंकवात बोट बुडवलं. ते बोट झाकणाकडं नेताना त्याच्या पेरावरून चिमूटभर कुंकू सांडलं आणि रिंगेच्या ग्रीसला चिकटलं. आकारामनं ते पुसायला बघितलं. निघेना. पुसावं तसं ते ग्रीसमध्ये कालवलं जाऊन कण कण होऊन बसलं. तो तसाच बघत राहिला.  गेल्या वर्षीच्या सकाळचं सगळं त्याला लख्ख आठवलं, झाकण, बोट, अक्षता, सगळं.

पूजा अर्धी टाकून तो घरी आला. शालन मशीनवर बसली होती. तिच्यासमोर खाली जमिनीवर बसून त्यानं सगळं सांगून टाकलं, गेल्या वर्षी झाकण मीच उघडलं होतं, कुंकू मी लावलं होतं, पाणी माझ्यामुळं गेलं. सांगताना त्याला रडू आलं. त्याला वाटलं होतं ती चिडेल, चार शिव्या देईल. त्या खायची त्याची तयारी होती.

शालननं मशीन थांबवली. "मला ठाऊक हाय की," ती म्हणाली. "म्या तितंच बघितलं हुतं. रिंगेला कुंकू हुतं. पुसून टाकलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तितं? आण्णांच्या म्होरं, एवढ्या माणसांत? तुमी तोंड कुठं लपवलं असतासा?" ती साडीची घडी सारखी करत राहिली. "म्हटलं, घरला गेल्यावर इचारशीला, शालन, काय झालं असंल गं? मग सांगावं. म्या वाट बघितली. तुमी इचारलंच न्हाईसा."

आकाराम हात जोडून म्हणाला, आता चल, स्टुडिओ तुझा, फ्लॅश तुझी, मी तुझ्या हाताखाली काम करतो. शालननं नको म्हणून मान हलवली. रागानं नाही. एखादी पाहुणी चहा नको म्हणते तशी. मन उठलं माझं त्यातनं, एवढंच म्हणाली आणि मशीन पुन्हा चालू केली.

आता तारकर्लीहून आला की आकाराम अंगणात बादली भरून बसतो. बटणं दाबतो, सावलीत वाळवतो, रिंग बोटांतून फिरवतो. त्याच्या बोटांना काही लागत नाही, रिंगेवर असलं काय आणि नसलं काय. दारातून तो हाक मारतो, शालन, हे जरा बघ गं, बरोबर हाय का? ती आतून म्हणते, बघा की तुमीच. संध्याकाळी ती ताट वाढते, गरम भाकरी त्याच्या पुढ्यात टाकते, आणि आकारामला आठवतं की असंच वर्षभर, रोज दोन वेळ, ही बाई आपल्या एका प्रश्नाची वाट बघत समोर बसत होती.