बेसिकला वेळ सांगणारा तुकडा

सांगलीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले, त्याच वर्षी तिथे संगणक आला. सत्तरचं दशक संपत आलं होतं. कपाटाएवढं यंत्र, त्याच्या तोंडावर स्विचांच्या रांगा आणि शेजारी खडखडणारा टेलिप्रिंटर. पडदा नव्हताच. टाईप करायचं ते टेलिप्रिंटरवर, आणि उत्तरही त्याच कागदावर उमटायचं. चपला बाहेर काढून आत जावं लागे. रहिमतपूरला वडिलांना हे सगळं समजावून सांगितलं, त्यातलं त्यांना एवढंच पटलं की पोरगी सावलीत बसून काम करते.

टेलिप्रिंटर सांभाळायला लष्करातून निवृत्त झालेले एक हवालदार होते, खंडाळ्याकडचे. लष्कराच्या सिग्नल म्हणजे संदेश विभागात असताना त्यांनी वीस वर्षं असलीच यंत्रं खोलली आणि जोडली होती. शिक्षण सातवीपर्यंत. बाकीचे त्यांना मिस्त्री म्हणत. ते त्यांना आवडत नाही हे माझ्या लक्षात आलं होतं, म्हणून मी हवालदारच म्हणायचे.

एके दिवशी पाण्याच्या प्रयोगशाळेचे प्राध्यापक आमच्याकडे आले. टाकीतलं पाणी किती वेळात किती उतरतं, हे त्यांचे विद्यार्थी घड्याळ लावून मोजत, आणि कुणाही दोघांचे आकडे कधी जुळत नसत. पाणी खुणेला आलं की मुलाने फक्त कळ दाबावी आणि वेळ यंत्राने नोंदवावी, असं काही जमेल का, असं त्यांनी विचारलं.

ऐकायला सोपं होतं. आमची मुलं बेसिक भाषेत प्रोग्राम लिहीत. बेसिक एकेक ओळ वाचायचं आणि वाचेल तसं काम करायचं. पण आमच्या बेसिकमध्ये वेळ विचारायची सोयच नव्हती. वेळ यंत्रात होती. यंत्राचा सगळा कारभार पाहणारा एक मूळ प्रोग्राम असे, त्याला मॉनिटर म्हणत. तो विजेच्या पुरवठ्यावरून सेकंदाला पन्नास ठोके मोजत असे. बेसिक आणि मॉनिटर एकाच यंत्रात नांदत होते, पण एकाला दुसऱ्याशी बोलता येत नव्हतं. यंत्राच्या तपासणीला आलेल्या, ते बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरनेही सांगितलं की बेसिकमधून हे होणार नाही, सगळा प्रोग्राम यंत्रभाषेत, म्हणजे यंत्राला थेट कळणाऱ्या नुसत्या आकड्यांत लिहा. ती भाषा मुलांना कुठे येत होती?

मला ते पटेना. जाडजूड इंग्रजी पुस्तक मी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. शेवटच्या परिशिष्टात चार ओळी सापडल्या. बेसिकमधून यंत्रभाषेतला एखादा छोटा तुकडा बोलावता येतो, एवढंच त्यात लिहिलं होतं, उदाहरण दिलेलं नव्हतं. तेवढ्यावर मी तो तुकडा वहीत लिहिला. त्याने मॉनिटरला ठोक्यांचा आकडा विचारायचा आणि तो बेसिकच्या हातात आणून द्यायचा. मग तुकड्याची कागदी पट्टी पाडली, म्हणजे एकेका आकड्यासाठी ओळीने भोकं पाडलेली फीत, आणि यंत्राला वाचायला दिली.

यंत्र जागच्या जागी थिजलं. पुन्हा सुरू करायचं तर अख्खं बेसिक पट्टीवरून आत घ्यावं लागे, त्यात अर्धा तास जाई. दुसऱ्या दुपारी माझी चूक मला सापडली. मॉनिटरकडे जाण्याआधी बेसिकचे हातातले आकडे बाजूला जपून ठेवायचे असतात, ते मी ठेवलेच नव्हते. सुधारून नवी पट्टी पाडली, तरी यंत्र थिजलंच. तिसऱ्या दुपारी वहीत एकही चूक दिसेना, तेव्हा मला रडू येईल असं वाटलं.

हवालदारांनी पट्टी उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली. मला वहीतले आकडे मोठ्याने वाचायला सांगितले. मी वाचत गेले, ते बोटाने पट्टी सरकवत भोकं जुळवत गेले. मध्येच थांबले.

"बाई, हितं भोक पुरतं पडल्यालं न्हाई. कागद आत लोंबतोय."

एक बारीक चकती अर्धवट तुटून तिथेच चिकटली होती. त्यांनी भोकं पाडणारी सुई साफ केली आणि मी पुन्हा पट्टी पाडली. या वेळी बेसिकमध्ये एक ओळ टाईप केली, तर टेलिप्रिंटरने एक आकडा छापला. पुन्हा तीच ओळ दिली, तर आकडा वाढलेला. हवालदारांनी मनगटावरचं घड्याळ समोर धरलं आणि आम्ही दहा मिनिटं ताडून पाहिलं. यंत्र आठ-नऊ सेकंद मागे पडत होतं.

"यंत्राची चूक न्हाई," ते म्हणाले. "लाईटच कमी हाय. उसाला पंप चालू हायती समद्यांचे."

ते खरंच होतं. पंपांचा भार वाढला की विजेचे ठोकेच सेकंदाला पन्नासांपेक्षा थोडे कमी पडत. मग रोज प्रयोगाआधी त्यांच्या घड्याळाशी ताडून यंत्राचा आकडा दुरुस्त करून घ्यायचं ठरलं.

टाकी आम्ही आमच्या खिडकीबाहेर मांडली, म्हणजे टेलिप्रिंटरवर बसलेल्या मुलाला काचेतून खुणा दिसाव्यात. त्या दिवशी तीन वेगवेगळ्या मुलांनी प्रयोग केला आणि तिघांचे आकडे जुळले. प्राध्यापकांनी कागद फाडून घेतला, दोनदा वाचला आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. ती मान मला आजही दिसते.

पुढच्या तपासणीला कंपनीचा तोच इंजिनिअर आला. त्याने स्वतः बसून प्रोग्राम चालवून पाहिला. मग दुसऱ्या महाविद्यालयांना द्यायला पट्टीची एक प्रत आणि सोबत माहितीचं टिपण मागितलं. मी दोन पानं टाईप केली, खाली सही केली आणि कागद हवालदारांपुढे ठेवला.

"आवं बाई, म्या काय केलं? एक भोक दावलं."

"ते दाखवलं नसतंत तर मी अजून वहीतच चुका शोधत बसले असते. सही करा."

त्यांनी दोन्ही पानं सावकाश नजरेखालून घातली. मग लष्करात संदेशाच्या कागदावर लिहितात तसं, मोठ्या इंग्रजी अक्षरांत नाव लिहिलं.

पुढच्या सत्रात मुलं ती ओळ आपापल्या प्रोग्रामात सहज घालू लागली. ही सोय यंत्राबरोबरच आली असणार, असं त्यांना वाटायचं. मी कुणाला काही सांगायला गेले नाही. हवालदार मात्र प्रत्येक नव्या तुकडीला थांबवून सांगत, "ह्यो आकडा आपल्या बाईंनी आणलाय, कंपनीनं न्हाई." मी पलीकडच्या टेबलाशी असायचे. ऐकूच आलं नाही असं दाखवायचे, पण हातातलं काम तेवढा वेळ थांबलेलं असायचं.