डावीकडचं वळण

मैदानावर कुणी पडलं की आमच्या आक्का आधी हसायच्या. मग विचारायच्या, "हाड मोडलं काय गं? न्हाय न्हवं? मग ऊठ, जागा अडवू नको." त्या वडगावच्या विणकर घरातल्या. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढल्यामुळे त्यांना हळू बोलता यायचंच नाही, त्यामुळे आमची अब्रू थेट रस्त्यापर्यंत जायची. कितीतरी वर्षं त्या मुलींना खो-खो शिकवत होत्या. कुणाला 'छान' म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही.

माझ्या उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या दवाखान्यात आल्या. सांधा बदलावा लागला नव्हता. आतलं वाढलेलं हाड घासून, फाटलेली कड शिवून डॉक्टरांनी माझाच सांधा वाचवला होता. आई हे कौतुकानं सांगत होती. आक्का म्हणाल्या, "सांधा वाचला व्हय? खेळाडू वाचली का बघू." आईनं त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

वर्षभरानं डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली. जिल्ह्याचा संघ आक्काच निवडायच्या आणि माझा सगळा जीव त्या एका जागेत अडकला होता. निवडीच्या दिवशी मी आख्खा डाव पळाले, बाद झाले नाही. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मला रडूच आलं.

"टाळ्या बंद!" आक्का ओरडल्या. "हिला कुणी धरायलाच गेलं न्हाय. समद्या सांभाळून घेतासा हिला. परत पळ गं."

ओळीतल्या एका मुलीला उठवून, पदर खोचून त्या स्वतः तिच्या जागी उकिडव्या बसल्या. मागून त्यांना खो मिळाला आणि मी खांबापाशी वळते न वळते तोच पाठीत थाप बसली. साठीला टेकलेली बाई!

"ऑपरेशन झाल्यापास्नं तू डावीकडंच वळतीस. उजव्या पायावर भार टाकायला भितीस. पलीकडची पोरगी हे पयल्या मिनटात वळखंल. ती काय तुझी आई न्हाय."

"भीती जाईल आक्का. एक महिना द्या."

"वरीस झालं की गं. घरी जा. पुढची कोण?"

सगळ्या गेल्यावर मी एकटीच खांबाकडं धावले, उजवीकडं वळायचं असं घोकत. पाय डावीकडं गेले. पुन्हा धावले. पुन्हा डावीकडंच.

गेल्या वर्षी आक्का वारल्या. मी मातीला गेले नाही. त्यांचं म्हणणं खोटं ठरलं असतं, तर गेले असते.