पातेल्याला चिकटलेलं चुंबक

पंचशीलाला एक खोड होती. वस्तू बंद पडली, की ती चालू होण्यापेक्षा ती बंद का पडली यात तिचा जीव जास्त. भाईंदर पूर्वेच्या ज्या गाळ्यात ती इलेक्ट्रिशियन होती, तिथे प्रेसवर पत्रा दाबून स्टीलची पातेली काढतात. अशा ठिकाणी असली खोड मालकाला जडच जाते.

त्या आठवड्यात पातेली बुडाशी फाटत होती. प्रेसचा दट्ट्या किती खाली उतरला ते मोजायला सेन्सर होता आणि पडद्यावर आकडा बरोबर येत होता. मग चूक माणसाचीच, असं मालक जितेशशेठनी ठरवून टाकलं. माणूस म्हणजे काशीनाथ, अठ्ठावीस वर्षं त्याच प्रेसवर उभे. सोमवारपासून त्यांना पॅकिंगला बसवायचं ठरलं. दुपारी त्यांनी स्टीलचा डबा उघडला आणि न जेवताच बंद केला. पंचशीलाला ते फार लागलं.

"शेठ, एकदा सेन्सर खोलून बघू?"

"नवीनच मागवतोय. हा बघ, काचेच्या पट्टीचा. केसाहून बारीक मोजतो."

"पातेल्याला एवढं बारीक कशाला? आणि इथल्या तेलात, दणक्यात काच टिकेल का? आधी जुन्याला काय झालंय ते तर कळू दे."

तिने झाकण काढलं. आत चुंबकाची पट्टी होती, तिच्यावरून सरकत सेन्सरचं डोकं अंतर मोजायचं. त्या पट्टीला काळीभोर दाढी आली होती. बाजूलाच पातेल्यांचे काठ कापतात, त्याचा चुरा.

"चुरा स्टीलचा नसणार," काशीनाथ स्वतःच म्हणाले. "अस्सल स्टीलला चुंबक लागत नाही. काही जुनी लोखंडी घाण असेल, या आठवड्यातली नव्हे." स्वतःची सुटका करणारा पुरावा खोडून काढणारा असा भला माणूस विरळाच. त्यांच्या खिशात कायम एक गोल चुंबक असायचं. लग्नाच्या आहेरातली भांडीसुद्धा ते तपासून बघत. गाळ्यात मात्र आलेला कोरा पत्राच तेवढा तपासत. त्यांनी ते कोऱ्या पत्र्याला लावलं. घसरून पडलं.

पंचशीलाने ते उचलून त्याच पत्र्याच्या तयार पातेल्याला काठाशी लावलं. चिकटलं.

पंचशीलाने मोबाइलवर शोधलं. दाबून ताणला की हा पत्रा आतून बदलतो, आणि ताण काठाशी सर्वांत जास्त. म्हणजे चुरा याच काठांचा.

त्या चुऱ्याने सेन्सर फसत होता; पडद्यावर आकडा बरोबर दिसायचा, पण दट्ट्या जास्त खाली जायचा. तिने पट्टी पुसली. पुढची दहा पातेली धड निघाली.

"पण उद्या पुन्हा दाढी येणार," शेठ म्हणाले. "मग कुठला घ्यायचा?"

"दट्ट्या ढकलणाऱ्या सिलिंडरच्या पोटात बसतो तो सेन्सर. त्याचं चुंबक आतल्या आत तेलात सरकतं, तिथे चुरा पोचतच नाही. काचेइतकं बारीक नाही मोजत, पण आपल्याला पुरे."

शेठनी मान डोलावली. "काशीनाथ, सोमवारी प्रेसवरच या."

काशीनाथांनी ऐकलं, पण त्यांचं लक्ष हातातल्या चुंबकाकडे होतं. त्यांनी ते आपल्या डब्याला लावलं. चिकटलं.

"हा डबा आमच्या हिच्या माहेरचा," ते पंचशीलाला म्हणाले. "लग्नात भर मांडवात मी त्याला चुंबक लावलं आणि म्हटलं, माल खोटा आहे. सासरे मान खाली घालून उभे होते. आता ते नाहीत."

"आणि काकू?"

"ती काही बोलली नाही. रोज ह्यातच डबा भरून देते."

त्यांनी झाकण उघडलं आणि गार झालेली भाकरी शेवटच्या घासापर्यंत खाल्ली.