शेजाराचा रकाना

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी लोणावळ्याहून रोज पिंपरीजवळच्या एका कारखान्यात संगणकावर काम करायला जात असे. पुढे मी वर्तमानपत्रात नोकरीला लागलो, हे त्याआधीचं. संगणक एका मोठ्या थंड खोलीत होता आणि मोकळा असेल तेव्हा बाहेरच्या कामांसाठी दिला जाई. असं एक काम माझ्याकडे आलं: मावळातल्या एका धरणात बुडणाऱ्या गावाची यादी.

गावाची एकच अट होती. नव्या वसाहतीत ज्याचा शेजार त्याला मिळावा. एका ठिकाणी पुरेशी जमीन नसल्याने गाव तीन ठिकाणी जाणार होतं, पण शेजार तोडणार नाही असं पुनर्वसन कचेरीने कबूल केलं होतं. त्यासाठी फॉर्मात ‘शेजार’ हा रकाना होता.

फॉर्म भरायला तलाठ्याबरोबर मी दोन दिवस गावात होतो. घरांना नंबर होते, ते कोणी सांगत नसे. घर कुठलं असं विचारलं की माणूस शेजाऱ्याचं नाव सांगे, आणि शेजारी त्याच्या शेजाऱ्याचं.

शेवटच्या आळीत दोन्ही डोळे गेलेला एक म्हातारा राहत होता. त्याला लागून त्याच्या विधवा बहिणीचं घर. त्याच्या चौकटीपासून तिच्या चौकटीपर्यंत कमरेच्या उंचीवर वाखाची दोरी बांधली होती. ती धरून तो दोन वेळा जेवायला जाई.

“आबा, शेजार कोणाचा लिहू?” तलाठ्याने विचारलं.

“हिचाच की. दुसरं कोन हाय?”

“माजा नगा लिवू,” बहीण आतून म्हणाली. “लय वर्सं झाला शेजार. आता तरी सुटू द्या मला.”

“बगा, सायेब. दोरी म्या वळली, बांदली बी म्या, आन सुटायचं हिला.”

“वळली न्हाई, वळून घेतली. माज्याकडनं.”

तलाठी हसला. मी बहिणीचं नाव लिहिलं.

“लिवलं का? वाचून दावा,” म्हातारा म्हणाला. मी वाचलं. “व्हय,” म्हणून त्याने मान हलवली.

संगणकाची मेमरी म्हणजे क्रमांक टाकलेल्या कप्प्यांची लांबलचक रांग. एका कुटुंबाची नोंद चाळीस कप्प्यांत बसे. शेजाऱ्याचं नाव प्रत्येक नोंदीत पुन्हा लिहिण्याऐवजी, त्याची नोंद ज्या कप्प्यापासून सुरू होते त्याचा क्रमांक मी तिथे ठेवला. संगणक थेट तिथे पोचे. छपाईपर्यंत सगळ्या नोंदी चुंबकीय टेपवर साठवून ठेवायच्या होत्या.

माझे वरिष्ठ देहूरोडच्या लष्करी डेपोत नोकरी करून आलेले होते. त्यांनी माझी पानं चाळली.

“टेपवरही हे कप्प्यांचेच नंबर जाणार?”

“हो. मेमरीत आहे तसंच उतरवतो.”

“डेपोत रॅक हलते, पार्टचा नंबर हलत नाही. टेपवर फॉर्मचा क्रमांक लिही आणि वाचताना कप्पे नव्याने शोध.”

“पुढच्या आठवड्यात करतो, साहेब.”

“तुझा पुढचा आठवडा टेपला कळणार नाही,” असं म्हणून ते चहाला गेले.

मी टेप त्याच दिवशी लिहिली, होती तशी. पुढच्या आठवड्यात दुसरं काम आलं.

यादी छापायची वेळ आली तोवर संगणक चालवणारा मूळ प्रोग्रॅम बदलला होता. तो रांगेच्या सुरुवातीला बसे, आणि नवा जुन्यापेक्षा ऐंशी कप्प्यांनी मोठा होता. त्यामुळे टेपवरून आलेल्या सगळ्या नोंदी ऐंशी कप्पे पुढे बसल्या. त्यांच्या आत लिहिलेले क्रमांक जुनेच राहिले. ऐंशी कप्पे म्हणजे दोन नोंदी. प्रत्येक जुन्या क्रमांकावर आता खऱ्या शेजाऱ्याच्या दोन नोंदी आधीचं कुटुंब येऊन बसलं होतं. नोंदी जमिनीच्या खात्यांच्या क्रमाने होत्या, घरांच्या नव्हे. ते कुटुंब गावाच्या दुसऱ्या टोकाचंही असू शके.

फरक सत्तर कप्प्यांचा असता तर कागदभर तुटकी नावं छापली गेली असती आणि कोणीही यादी फेकून दिली असती. ऐंशीमुळे ओळीओळीत पूर्ण नाव आलं, त्याच गावातलं. उघड बिघडलेल्या दिसल्या फक्त दोन ओळी. यादीतली पहिली दोन कुटुंबं ज्यांची शेजारी होती, त्यांच्या नोंदींतले शेजाराचे क्रमांक आता नोंदींच्या बाहेर, प्रोग्रॅमच्या कप्प्यांवर पडले होते. तिथे निरर्थक अक्षरं उमटली. ती मी पाहिली. फॉर्मवरची माहिती कार्डांवर पंच करताना चूक झाली असं समजून फॉर्म काढले, दोन नावं पेनने दुरुस्त केली आणि यादी कचेरीला पाठवली. बाकीच्या ओळी फॉर्मशी ताडून पाहिल्या नाहीत.

गावाने हरकत घेतली. यादी यंत्राने केली आहे, असं कचेरीकडून उत्तर मिळालं. काही महिन्यांनी तो अर्ज फिरत फिरत कारखान्यात आला तेव्हा मी फॉर्म आणि यादी शेजारी ठेवून वाचली. दुरुस्त यादीला एक दुपार पुरली. तोवर गावात पाणी चढलं होतं आणि नवी घरं उभी राहिली होती.

म्हातारा परंदवडीजवळच्या वसाहतीत होता, बहीण शेजारच्या तालुक्यात. मी त्याच्याकडे गेलो. दोरी वेटोळं करून खुंटीला अडकवलेली होती.

“आबा, दोरी बांधली नाही?”

“बांदायची कुटं? हितलं लोक चांगलं हायेत. भाकर आनून देत्यात. मला जावं लागत न्हाई.”

मी त्याला चूक सांगितली. कप्प्यांचं सांगितलं, दोन बिघडलेल्या ओळींचंही.

“म्हंजे कागदावर तू बरूबर लिवलं व्हतं,” तो शेवटी म्हणाला.

“हो.”

“वाचून बी दावलं व्हतं.”

“हो.”

“ती कंच्या अंगाला हाय?”

मी हात करून दाखवला. मग त्याचा हात धरून ईशान्येकडे वळवला.

“लांब?”

“तीन एसट्या.”

हात त्याने बराच वेळ तसाच ठेवला.

बहिणीला भावाशेजारी घर मिळावं असा अर्ज मी लिहून दिला. मंजुरीला दीड वर्ष लागलं. म्हातारा त्याआधीच्या उन्हाळ्यात वारला. हुकूम घेऊन मी बहिणीकडे गेलो आणि वाचून दाखवला: परंदवडीच्या वसाहतीत, भावाच्या घराला लागून.

“त्या घरात आता कोन ऱ्हातंय?” तिने विचारलं.

“कुलूप आहे, मावशी.”

तिने कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिली.

“मग ऱ्हाऊ द्या, भाऊ.”